कपाटातला कॅमेरा



या व्याख्यानाचं आमंत्रण आलं तेव्हा विषयापुढे कंसात ‘स्मरणरंजन’ असं लिहिलेलं होतं. तो कंस मी सुरुवातीलाच खोडतो. जुन्या कॅमेऱ्याबद्दल बोलायचं म्हणजे पिवळे पडलेले अल्बम काढून ‘गेले ते दिवस’चा सूर लावायचा, अशी आपली समजूत झाली आहे. मी बोलणार आहे तो कॅमेरा मात्र चालता आहे. त्यात आत्ता फिल्म भरलेली आहे आणि सभा संपेपर्यंत तुमच्यापैकी दोघा-तिघांचे फोटो तिच्यावर उतरलेले असतील.

टेबलावर आहे तो पेंटॅक्स के-१०००. जपानच्या असाही ऑप्टिकल कंपनीने तो १९७६ मध्ये बाजारात आणला आणि १९९७ पर्यंत, म्हणजे २१ वर्षं, तो जवळजवळ आहे तसाच बनत राहिला. आधी जपानमध्ये, मग हाँगकाँगमध्ये, शेवटी चीनमध्ये. जगभरच्या फोटोग्राफीच्या वर्गांत शिक्षक विद्यार्थ्यांना हाच घ्यायला सांगत, कारण त्यात फारसं काही नाही. ऑटोफोकस नाही, सेल्फ-टायमर नाही, प्रकाश मोजणारं मीटर बंद करायचं बटणसुद्धा नाही. भिंगावर टोपण लावलं की मीटर अंधारात जातं आणि बॅटरी खायचं थांबतं, एवढीच सोय. शर्टाच्या बटणाएवढी ती बॅटरी फक्त मीटरचा काटा हलवते. ती काढून टाका, कॅमेऱ्याचं बाकी काम तसंच चालू राहतं.

मग उजेड मोजायचा कसा? फिल्मच्या डब्यावर पूर्वी त्याचा तक्ता छापलेला असे. स्वच्छ ऊन असेल तर भिंगाचं छिद्र एफ-१६ वर ठेवायचं आणि शटरचा वेग फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याइतका धरायचा. १२५ ची फिल्म असेल तर सेकंदाचा १२५ वा भाग. ढगाळलं की छिद्र एकेक घर उघडत जायचं. आपल्याकडच्या एप्रिलच्या दुपारी हा नियम मीटरहून बरा, असं माझं मत आहे. चुना मारलेली भिंत समोर आली की मीटर फसतं आणि फोटो काळवंडतो. सूर्य मात्र भिंतीचा रंग बघून कमी-जास्त होत नाही.

छिद्राचे ते आकडे, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, अनेकांना गूढ वाटतात. दहावीची भूमिती आठवा. वर्तुळाचं क्षेत्रफळ दुप्पट करायचं तर त्रिज्या २ च्या वर्गमुळाने वाढवावी लागते, म्हणून प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण १.४ पट आहे. एक घर पुढे सरकलं की प्रकाश निम्मा. शटरचे आकडेही तसेच निम्मे होत जातात, १/६०, १/१२५, १/२५०. दोन्ही कड्या एकमेकींविरुद्ध फिरवल्या की प्रकाश तेवढाच राहतो आणि चित्र बदलतं. सगळी विद्या एवढीच आहे. चारचौघांत हे मी सहसा सांगत नाही, उगाच आपला भाव उतरतो.

आता माइक जरा खाली घेतो. ऐका. हा सेकंदाचा हजारावा भाग: टक्. आणि हा पूर्ण एक सेकंद: खट्, घर्रर्र, खट्. ही घरघर आतल्या दातेरी चाकांची आहे. आत कापडाचे दोन पडदे आहेत. कळ दाबली की पहिला पडदा सरकतो आणि फिल्म उघडी पडते, ठरलेला वेळ गेला की दुसरा पडदा मागून येऊन ती झाकतो. मंद वेगावर दुसऱ्या पडद्याला रोखून धरायचं काम ही चाकं करतात. वेगवान शटरला तर दुसरा पडदा पहिला पोचायच्या आधीच निघतो. मग फिल्म एकदम उघडी पडतच नाही, दोन-तीन मिलिमीटरची एक फट तिच्यावरून सरकत जाते. फ्रेंच छायाचित्रकार जाक-आन्री लार्तिग याचा शर्यतीच्या मोटारीचा प्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेल. त्यात मोटारीचं चाक अंडाकृती होऊन पुढे कललं आहे आणि कडेचे प्रेक्षक उलट बाजूला. ती करामत अशाच सरकत्या फटीची. फट चाकाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पोचेपर्यंत चाक पुढे गेलेलं होतं.

ही घरघर मी मुद्दाम ऐकवली. कोणी जुना कॅमेरा विकायला आणला तर डोळ्यांआधी कान लावा. एक सेकंदाचा आवाज मध्येच अडखळला किंवा पडदा अर्ध्यात थांबला, तर आतलं वंगण वाळलं आहे. आणि ते वापरल्याने वाळलेलं नसतं, न वापरल्याने वाळलेलं असतं. माझा आजचा मुद्दा इथून सुरू होतो. यांत्रिक कॅमेरा हातात मरत नाही, कपाटात मरतो.

आपल्या हवेत तर फारच लवकर. कोकणात, मुंबईत, गोव्यात चार महिने हवा ओली असते. घरात ‘चांगली वस्तू’ म्हणून कॅमेरा त्याच्या चामडी खोळीत घालून, खोळ फडक्यात गुंडाळून, कपाटाच्या आतल्या खणात ठेवतात. चामडं ओल धरून ठेवतं. भिंगाच्या आत पांढऱ्या धाग्यांची जाळी पसरू लागते. ती बुरशी, आणि ती आम्ल सोडते. वेळेवर साफ केली तर निघते, उशीर झाला तर काचेवरचा लेप खाऊन तिथे कायमची खूण ठेवते. मागच्या दाराच्या कडेचा स्पंज डांबरासारखा चिकट होतो आणि तिथून उजेड शिरतो. पेटीत डांबरगोळ्या टाकणाऱ्यांना विनंती, त्या साड्यांसाठी ठेवा. कॅमेऱ्याला हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि महिन्यातून एक दिवस बाहेरची हवा पुरते. फिल्म नसली तरी प्रत्येक वेगावर चार-पाच वेळा कळ दाबा.

यावर मित्र विचारतात, एवढी उस्तवार कशाला? उत्तर म्हणून अलीकडे एक ठराविक वाक्य ऐकू येतं. रोलमध्ये ३६ च फोटो असतात, म्हणून माणूस विचार करून फोटो काढतो. मला हे पटत नाही. गॅरी विनोग्रँड हा न्यूयॉर्कचा छायाचित्रकार हातात लायका घेऊन आयुष्यभर रस्त्यांवर फिरला. १९८४ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्यामागे सुमारे अडीच हजार रोल न धुतलेले निघाले. धुतलेले पण न पाहिलेले आणखी कित्येक हजार. काय विचार करून काढले म्हणायचे? संयम माणसात असावा लागतो, फिल्म तो आणून देत नाही. फिल्म महाग झाली आहे हे खरं. रोल आणि धुलाई मिळून हजार रुपयांच्या पुढे खर्च सहज जातो. पण महागाईला साधना म्हणू नये.

उलट छायाचित्रकार होमाई व्यारावाला पाहा. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेल्या या बाईंनी १९४२ पासून दिल्लीत जो काळ टिपला, त्यात त्यांच्या हातात कधी स्पीड ग्राफिक असे, कधी रोलिफ्लेक्स. स्पीड ग्राफिकला रोलच नसे, सुट्या फिल्मचे पत्रे असत. प्रत्येक फोटोनंतर पत्रा बदला आणि फ्लॅशचा बल्ब जळला म्हणून तोही बदला. अंगावर साडी, खांद्यावर अवजड सरंजाम आणि समोर न थांबणारा नेता. अंतर, छिद्र, वेग आधीच ठरलेले असत म्हणून क्षण सापडे. जुना कॅमेरा वापरण्याचं माझं कारण याच्या जवळचं आहे. यात जे घडतं ते मी ठरवलेलं असतं, आणि कसं घडलं ते मला मागचं दार उघडून बघता येतं. काय बिघडलं तेही कळतं आणि दुरुस्त करणारा माणूस त्याला हात घालू शकतो.

हा दुरुस्त करणारा माणूस महत्त्वाचा. आपण ‘माझा कॅमेरा’ म्हणतो तेव्हा हातातला हा सहाशे ग्रॅमचा धातू म्हणजे अर्धाच कॅमेरा असतो. उरलेला अर्धा इतरांच्या हातात असतो. दादासाहेब फाळक्यांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १९१२ मध्ये त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडांना भोकं घरीच पाडावी लागत, अंधारात. ते काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई शिकल्या. फिल्म धुण्यातही त्या होत्या. विल्यमसनने अर्धंच काम केलं, उरलेलं दादरच्या त्या अंधाऱ्या खोलीत झालं.

फिल्म हाही कसा कारभार आहे बघा. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा थर, त्यात चांदीच्या क्षारांचे बारीक कण. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं. कधी फिल्म तेज निघे, कधी मंद, आणि कारण कळेना. १९२५ च्या सुमारास कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी छडा लावला. मोहरीवर्गातली झाडं खाल्लेल्या गुरांच्या जिलेटिनमध्ये गंधकाचे अगदी सूक्ष्म अंश उतरतात आणि तेच चांदीच्या कणांना प्रकाशासाठी हळवं करतात. मोहरीचा ठसका ज्यामुळे लागतो, तेच ते द्रव्य. तुम्ही काढलेल्या फोटोमागे कुठल्या गोठ्यातला चारा होता, हे कॅमेऱ्यावर कुठेही कोरलेलं नसतं.

आणि यातली एक कडी तुटली की काय होतं, ते कोडाक्रोमच्या बाबतीत दिसलं. १९३५ ची ही रंगीत फिल्म. तिचे रंग फिल्ममध्ये नसत, ते धुताना भरावे लागत, आणि ती प्रक्रिया इतकी किचकट की घरी करणं अशक्य. २००९ मध्ये उत्पादन थांबलं. कारखान्यातून निघालेला शेवटचा रोल छायाचित्रकार स्टीव्ह मॅकरी यांना दिला गेला. त्यातल्या काही फ्रेम त्यांनी मुंबईत सिनेनटांवर खर्च केल्या. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या पार्सन्स गावी ती धुणारी शेवटची प्रयोगशाळा होती, तिने २०१० च्या अखेरीस रोल घेणं बंद केलं. आज कोणाच्या फ्रिजमध्ये कोरा कोडाक्रोम असेल आणि कॅमेराही उत्तम असेल, तरी ते रंग येणार नाहीत. आपल्याकडे उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना १९६० मध्ये स्थापन झाला. त्याची ‘इंदू’ फिल्म अनेक स्टुडिओवाल्यांनी वापरली. तोही बंद पडला. त्यामुळे आज आपला प्रत्येक रोल बाहेरून येतो.

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजाराकडे कॅमेऱ्याची दुकानं अजून आहेत. पण शटर उघडून बसणारे कारागीर म्हातारे होत आहेत आणि त्यांच्या शेजारच्या स्टुलावर शिकाऊ मुलगा दिसत नाही. ही नुसती आपली रड नाही. पेंटॅक्सनेच २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा काढला, पेंटॅक्स १७, हाताने फिल्म ओढायचा. तो बनवताना त्यांना निवृत्त अभियंत्यांना गाठून विचारावं लागलं की ही ओढायची यंत्रणा तुम्ही कशी जमवत होता. ज्या कंपनीने के-१००० लाखांनी विकला, तिच्याकडे नकाशे होते, पण हातातलं कसब निवृत्तीबरोबर घरी गेलेलं होतं.

म्हणून माझा आग्रह व्यावहारिक आहे. जुना कॅमेरा संग्रहासाठी घेऊ नका, एकच घ्या आणि चालवा. गावात धुलाई होत नसेल तर कृष्णधवल रोल घरी धुवायला शिका. एक काळी पिशवी, एक टाकी, डेव्हलपर, हायपो आणि थर्मामीटर एवढंच लागतं. उन्हाळ्यात पाणी २० अंशांवर आणायला बर्फ लागेल, एवढीच काय ती अडचण. कारागिराकडे कॅमेरा पूर्ण मोडायच्या आधी घेऊन जा. त्याने सांगितलेल्या पैशांत घासाघीस करू नका आणि तुमच्या घरातल्या हात चालणाऱ्या एखाद्या पोराला बरोबर न्या.

संयोजकांनी सांगितलं, बरेच जण घरचे कॅमेरे घेऊन आले आहेत. प्रश्नोत्तरांनंतर टेबलापाशी या, आपण एकेक उघडून बघू. पण रांगेत उभं असताना मागचं दार स्वतःहून उघडू नका. आधी डावीकडची रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवून पाहा. ती मोकळी गरगर फिरली तर कॅमेरा रिकामा. जड लागली, तर आत कोणीतरी फिल्म ठेवून गेलं आहे. तो रोल आपण आधी धुवायला टाकू.