भरपाईच्या पैशावर पहिला हक्क कुणाचा?

(यावल येथे शेतमजूर बायांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपण बसलोय त्या खोलीबाहेरून अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता जातो. चोपड्याकडून येतो आणि किनगाव, यावल, फैजपूर, सावदा करत रावेरला पोचतो. केळी याच रस्त्याने जाते, पपई याच रस्त्याने जाते, आणि ती भरणारी-उतरवणारी माणसंही त्याच मालावर बसून याच रस्त्याने घरी येतात. २०२१ च्या फेब्रुवारीत किनगावजवळ पपईचा ट्रक रात्री उलटला. पंधरा मजूर गेले. बहुतेक रावेर तालुक्यातल्या आभोडा, केऱ्हाळे भागातले. त्यांत बाया होत्या, लेकरं होती. पंतप्रधान निधीतून प्रत्येक मृताच्या वारसाला दोन लाख रुपये जाहीर झाले. पेपरात ते छापून आलं. अपघात झाला की 'किती मिळाले' हे छापून येतं. त्यातले घरात किती उरले, हे कुठंच छापून येत नाही. मला आज त्या उरलेल्या पैशाबद्दल बोलायचं आहे.

माझ्या हातून झालेली एक चूक आधी सांगते. एका बाईचा नवरा हमाली करायचा. रस्त्याच्या कडेनं चालताना ट्रकनं उडवलं. तीन दिवस खाजगी दवाखान्यात होता, मग गेला. आम्ही दावा लावला. साडेचार वर्षांनी लोकअदालतीत सहा लाखांवर तडजोड झाली. मीच तिला म्हटलं, "घे माय, अजून किती वर्षं वाट पाहशील?" तिनं सही केली. आम्ही पेढे वाटले.

पंधरा दिवसांनी ती माझ्याकडे आली. हातात पासबुक. दावा लावून देणाऱ्या मध्यस्थानं 'ठरल्याप्रमाणे' तिसरा हिस्सा घेतला होता. दवाखान्याचं बिल भरायला ज्याच्याकडून पैसे घेतले, तो सावकार अंगठ्याचा कागद घेऊन दारात बसला होता. दिरानं 'आईचा वाटा' म्हणून दीड लाख नेले, ते सासूच्या हातीही पडले नाहीत. बाईकडे एक लाख दहा हजार राहिले आणि दोन पोरी. मी तडजोडीची रक्कम पाहिली होती, वाटेकरी पाहिले नव्हते. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं. कागद पुन्हा उघडता आला नाही. तेव्हापासून मी हा विषय शिकले. जे शिकले ते तुम्हाला देते.

पहिली गोष्ट. हा पैसा कुणाचा? आपण समजतो, नवऱ्याचा. तो गेला, त्याचा पैसा आला, मग त्याचं कर्जही त्यातूनच फिटणार. इथेच आपण फसतो. मोटार अपघाताच्या भरपाईतला मोठा भाग 'अवलंबितांचं नुकसान' म्हणून दिला जातो. तो मेलेल्या माणसाचा पैसा नाही. त्याच्या कमाईवर जगणाऱ्या बायको, पोरं, आईबाप यांचा तो स्वतःचा पैसा आहे. मृताच्या मालमत्तेचं नुकसान म्हणून मिळतो तो भाग अगदी छोटा. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली प्रणय सेठी खटल्यात तो १५ हजार धरला आणि दर तीन वर्षांनी दहा टक्के वाढ सांगितली. नवऱ्याच्या कर्जाला वारस जबाबदार असतो तो नवऱ्याची जेवढी मालमत्ता हाती आली तेवढ्यापुरताच. म्हणून सावकार म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचं देणं आहे, भरपाईतून दे," तर त्याला विचारा, कोणत्या हक्कानं? सातबाऱ्यावर बोजा चढतो. बाईच्या वैधव्यावर बोजा चढवायची सोय कायद्यात नाही.

पण अंगठा बाईचाच असेल तर? 'भरपाई आली की तुम्हालाच देईन' असं तिच्याकडून लिहून घेतलं असेल तर? दावा चालू असताना बाईच्या हाती असतो तो फक्त भरपाई मागण्याचा हक्क. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं सहावं कलम सांगतं की नुसता दावा करण्याचा हक्क दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमाप्रमाणे त्या हक्कावर जप्तीही येत नाही. बाईनं स्वतः उसने घेतले असतील तर ते देणं आहेच, मी नाही म्हणत नाही. पण सावकारानं त्यासाठी दिवाणी कोर्टात जावं, हुकूमनामा आणावा. बँकेच्या दारात उभं राहून पासबुक ओढायचा हक्क त्याला नाही. आणि त्याच्याकडे परवाना आहे का, हेही विचारा. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्याप्रमाणे बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे, सहकार खात्यात.

दुसरा वाटेकरी दवाखाना. बिल राहिलं म्हणून रुग्णाला किंवा प्रेताला अडकवून ठेवता येत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१९ मध्ये राज्यांना पाठवलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत हे लिहिलेलं आहे. बिल हे साधं देणं आहे, त्याची वसुली साध्या मार्गानंच व्हायची. आणि बिलाची प्रत, औषधांच्या पावत्या जपा. उपचाराचा खर्च दाव्यात वेगळा मागता येतो, पावती नसेल तर तो बुडतो. ५ मे २०२५ पासून केंद्राची नवी योजना लागू आहे. रस्ता अपघातानंतर सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचा उपचार योजनेतल्या दवाखान्यात रोख न भरता होतो. हे गावात प्रत्येकीला ठाऊक पाहिजे. सावकाराचं दार त्या पहिल्या सात दिवसांतच उघडतं.

तिसरा वाटेकरी, दावा लावून देणारा. 'आधी काही देऊ नका, आल्यावर तिसरा हिस्सा द्या.' बाईला हे उपकार वाटतात. पण निकालातल्या रकमेत वाटा ठरवून फी घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनीच मनाई आहे. मग वकील नसलेल्या मध्यस्थाला तो हक्क कुठून येणार? फी ठरवा, पावती मागा. फी राहिली म्हणून वकील कागदपत्रं अडकवून ठेवतो, हेही आपण पाहतो. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं आर. डी. सक्सेना खटल्यात साफ सांगितलं की पक्षकाराच्या कागदांवर वकिलाला असा धारणाधिकार नाही. आणि एक लक्षात ठेवा, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे बाईला सरकारी खर्चानं वकील मिळतो. तिचं उत्पन्न किती हे विचारलं जात नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे, आपल्या यावलच्या कोर्टातच.

चौथा वाटेकरी घरातला आहे, आणि तिथे आपला आवाज बारीक होतो. सासूचा हक्क खरा आहे. लेकावर ती जगत होती. तिचा वाटा तिच्या नावानं, तिच्या खात्यात गेला पाहिजे. पण तो दिराच्या खिशात का? ज्या बाईची मी गोष्ट सांगितली तिच्या तडजोडीच्या कागदावर कुणाला किती हे लिहिलंच नव्हतं. सगळे पैसे एका खात्यात आले आणि ज्याचा आवाज मोठा, त्याचा वाटा मोठा झाला. 'ही उद्या दुसरं लग्न करील, हिला कशाला द्यायचं,' असंही म्हणतात. मुंबई उच्च न्यायालयानं २०२३ च्या मार्चमध्ये सांगितलं आहे की विधवेनं पुन्हा लग्न केलं म्हणून तिची भरपाई जात नाही. भरपाई नवरा गेल्याची आहे. ती जन्मभर एकटं राहण्याची मजुरी नाही.

पाचवी, विमा कंपनी. ती वाटा मागत नाही, वजाबाकी मागते. 'तुम्हाला आयुर्विम्याचे मिळाले ना, मग ते वजा.' नाही. १९९८ साली हेलन रिबेलो विरुद्ध महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ या आपल्याच राज्यातल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की आयुर्विम्याचे पैसे वजा होत नाहीत. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठानं सांगितलं की मेडिक्लेमचे पैसेही उपचारखर्चातून वजा करता येत नाहीत. मात्र कामावरचा अपघात असेल तर मालकाकडून कामगार भरपाई किंवा मोटार कायद्याची भरपाई, दोन्हींतलं एकच निवडावं लागतं. कामगार भरपाईचा पैसा तर पूर्ण राखलेला आहे. तो लिहून देता येत नाही, जप्त होत नाही, त्यातून कुणाचं देणं वळतं करता येत नाही. १९२३ च्या कायद्यात हे होतंच, २१ नोव्हेंबर २०२५ ला त्याची जागा घेणाऱ्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे संरक्षण आहे.

आणखी एक धमकी आपल्या भागात नेहमीची. 'मालगाडीत फुकट बसले होते, विमा लागू नाही, मिळतंय ते घ्या.' २००२ च्या आशा राणी निकालाप्रमाणे मालगाडीतल्या फुकट प्रवाशाला विमा कंपनी बांधील नसते, हे खरं आहे. पण माल चढवायला-उतरवायला त्या गाडीवर कामाला असलेल्या मजुराची गोष्ट वेगळी. म्हणून पोलिसांत जबाब देताना तो माणूस गाडीवर कोणत्या कामाला होता, कुणी लावलं होतं, हे पहिल्याच दिवशी खरंखरं लिहून घ्या. नंतर सांगितलं तर बनवलेलं वाटतं.

आता तडजोडीच्या दिवशी काय करायचं? सहीच्या आधी पाच गोष्टी. एक, प्रत्येकाचा वाटा आकड्यात आणि नावानिशी लिहून घ्या. दोन, पैसे ज्याच्या-त्याच्या बँक खात्यात थेट जावेत असं आदेशात मागा. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही न्यायाधिकरणांना हेच सांगितलं आहे. तीन, पोरांचा वाटा सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत. १९९३ च्या सुसम्मा थॉमस निकालात ही पद्धत घालून दिली आहे. त्या ठेवीवर बँकेनं कर्ज द्यायचं नाही आणि व्याज दरमहा थेट बाईला द्यायचं. ही अट म्हणजे आपली ढाल आहे. दिरानं कितीही गळ घातली तरी ठेव मोडता येत नाही. चार, बाईला स्वतःला म्हैस घ्यायची असेल, घर सांधायचं असेल, पुढचा उपचार असेल तर तेवढी रक्कम रोख मागा, कारण सांगून. २०१२ च्या ए. व्ही. पद्मा निकालात न्यायालयानं बजावलं आहे की बाईची गरज न बघता सरसकट पैसा ठेवीत कोंडू नये. पाच, नवं खातं उघडा, तिच्या एकटीच्या नावानं. नवऱ्याच्या कर्जखात्याच्या बँकेत नको आणि दिराबरोबरचं जोडखातं तर नकोच.

आणि खरं देणं? ज्या बहिणीनं पोत मोडून पैसे दिले तिचं, ज्या किराणावाल्यानं सहा महिने उधार दिलं त्याचं? ते फेडायचंच. पण कुणाचं आधी, किती आणि कधी, हे बाईनं शांत बसून ठरवावं. बँकेच्या पायरीवर, चार पुरुषांच्या घोळक्यात नव्हे.

दावा अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करा. दुखवट्याचे दिवस सरतात, मुदत थांबत नाही. आणि गावात असं घडलं की तेराव्यानंतर एक दिवस आपल्यातल्या दोघींनी त्या घरी जायचं, वहीत लिहायचं. कोणी किती दिले, कशावर सही घेतली, कोण काय मागतोय. तारखेला तिच्यासोबत जायचं आणि पैसे येतील त्या दिवशी बँकेतही जायचं.

ती बाई आता फैजपूरला भाड्याच्या खोलीत राहते, केळीच्या कामाला जाते. मागच्या वर्षी तिच्या शेजारणीचा नवरा गेला. लोकअदालतीच्या दिवशी ती रोज बुडवून शेजारणीबरोबर गेली. पुढ्यात कागद आला तसं शेजारणीचा हात धरून म्हणाली, "थांब माय, आधी वाटे लिहू दे." मी बाजूला उभी होते. मला बोलावं लागलं नाही.