सायकलीची सहल


लांजीचा किल्ला आपण सारे जाणतो. भोवतीचा मुलूख मात्र मोटारीच्या खिडकीतूनच पाहतो. आम्ही शिक्षक मुलांसह सायकलींनी हिंडतो. धानाच्या बांध्या, तळी, पुढे मोहाचे व बांबूचे रान. जमीन सपाट, म्हणून दम लागत नाही. घाई नाही, म्हणून गावोगावी बोलणे होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बालाघाट मध्य प्रदेशात राहिले, भंडारा मुंबई राज्यात गेले. सोयरीक मात्र दोन्हीकडे टिकली. हे मुलांना नकाशाने उमगत नाही, परक्या ओसरीवर पाणी पिताना उमगते. ज्यांच्या घरी सायकल नाही, ती मुले मागे राहतात. या शुभप्रसंगी विश्वस्तांनी शाळेस चार सायकली द्याव्यात, एवढीच आमची विनंती.