लहान शाळेचा हिशेब



दहावीचा निकाल लागला की दोन आकडे गावोगाव फिरू लागतात. शाळेचा निकाल शेकडा किती लागला, हा एक. आणि दर विद्यार्थ्यामागे सरकारचा खर्च किती होतो, हा दुसरा. खानापूर तालुक्यासारख्या जंगलपट्टीतील लहान हायस्कुलावर हे दोन्ही आकडे अन्याय करतात, असे इतकी वर्षे शिकविल्यानंतर माझे मत झाले आहे.

साधे गणित पाहा. दहावीच्या वर्गात १६ मुले आहेत असे समजू. ऐन परीक्षेत एका मुलीला ताप आला व ती नापास झाली, तर निकाल सहा टक्क्यांहून अधिक खाली येतो. २०० मुले बसविणाऱ्या शहरी शाळेत तोच ताप अवघ्या अर्ध्या टक्क्याचा ठरतो.

खर्चाचेही तसेच. वर्गात मुले १६ असोत वा ४०, गणिताला आणि विज्ञानाला शिक्षक लागतोच. पटावरची मुले १२० वरून ६० वर आली, की दरडोई खर्च दुप्पट दिसतो. शाळेत मात्र एक खडूही वाढलेला नसतो.

मग खर्चाने विद्या वाढते काय? अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांच्या अहवालाने सांगितले, की मुलाच्या यशात शाळेच्या साधनांपेक्षा घरच्या परिस्थितीचा वाटा मोठा असतो. परंतु २०१६ साली त्याच देशातील जॅक्सन, जॉन्सन व पर्सिको या अर्थशास्त्रज्ञांनी दाखविले, की शाळेच्या बाराही वर्षांत दरडोई खर्च दहा टक्क्यांनी अधिक झाला, तर ती मुले मोठेपणी सुमारे सात टक्के अधिक मिळवितात. आणि गरीब घरच्या मुलांना हा लाभ विशेष होतो. घर दुबळे असते तेथेच शाळेचा रुपया अधिक कामी येतो, असा याचा अर्थ.

आपला २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आठवीपर्यंतच सोबत करतो. नववी-दहावीच्या मुलांना आधार गावच्या हायस्कुलाचाच. ते खर्चिक म्हणून बंद केले, तर वाचलेला पैसा वहीत दिसेल. पण भर पावसात ओढे ओलांडून दूरच्या शाळेत किती मुली जातील? ज्या घरी बसतील, त्या कोणत्याच निकालात नापास म्हणून दिसणार नाहीत.

म्हणून निकालपत्र हाती आले, की एवढेच विचारावे : आठवीत आलेल्यांपैकी दहावीला बसले किती? शाळेचा खरा हिशेब तेथून सुरू होतो.