वाचून दाखवणारं कोण?

परवा कीर्तन आटोपलं आणि एक माउली आपल्या आंधळ्या लेकराला घेऊन पुढं आली. म्हणते, "महाराज, याला माळ घाला. बसेल कोपऱ्यात नाम घेत. दुसरं काय होणार याच्याकडून?"

माळ घातली. पण कोपरा कशाला?

वऱ्हाडातले गुलाबराव महाराज आठवा. जन्म १८८१ चा. वर्षाच्या आतच दृष्टी गेली. १९१५ साली देह ठेवला. आयुष्य अवघं ३४ वर्षांचं. तेवढ्यात शंभरावर ग्रंथ! वेदान्त तर होताच, पण आयुर्वेद झाला, संगीत झालं, डार्विन-स्पेन्सर साहेबांच्या मतांचा समाचार घेऊन झाला. नावंग नावाची स्वतःची भाषासुद्धा रचली. स्वतःला ज्ञानेश्वर माउलींची कन्या म्हणवायचे, आणि कृष्णाची पत्नी म्हणून गळ्यात मंगळसूत्र! लोक हसले असतील. हसेनात का.

आता डोळे नाहीत, तर एवढं वाचलं कसं? दुसऱ्यांनी वाचून दाखवलं. महाराजांनी ऐकलं, धरून ठेवलं. ते सांगत गेले, दुसऱ्यांनी उतरवून घेतलं. आपण महाराजांच्या पाया पडतो, त्या वाचणाऱ्याची सेवा कुणाच्या ध्यानात येत नाही बघा.

माउलीला विचारलं, "घरात वाचता कुणाला येतं?"

"याच्या बहिणीला. सातवीत आहे."

पोरीला बोलावलं, ज्ञानेश्वरी हातात दिली. तिथंच मांडवात बसून अडखळत वाचू लागली. दुसऱ्याच ओवीला लेकरानं तिचा हात धरला.

म्हणालं, "ताई, परत वाच."