न्यायमंदिराची पहिली पायरी

(अकरावी-बारावीचे विद्यार्थी व पालक यांच्यासमोर विधी प्रवेश परीक्षांविषयी केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



आपल्या मध्यमवर्गीय घरांतून मुलांची बारावी जवळ आली की दोनच वाटा दिसू लागतात, अभियांत्रिकीची आणि वैद्यकाची. तेथे गुण कमी पडले की मग ‘वकिलीला घालू’ असे म्हटले जाते. ज्या महाराष्ट्राने रामशास्त्री प्रभुण्यांसारखा निःस्पृह न्यायाधीश पाहिला, जेथे लोकमान्यांनी १८७९ साली कायद्याची पदवी घेतली, तेथे हे क्षेत्र उरलेल्यांचे ठरावे, ही खेदाची गोष्ट आहे.

समाजाचे मोठे प्रश्न अखेर कोठे सुटतात, याचा विचार करा. श्रीरामजन्मभूमीचा लढा अनेक पिढ्या रस्त्यावर लढल्या. पण त्याचा निर्णय लागला तो ९ नोव्हेंबर २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या एकमताच्या निकालाने. चाळीस दिवस सुनावणी चालली. संस्कृत, फारसी, उर्दू, हिंदी कागदपत्रांची भाषांतरे झाली, पुरातत्त्व खात्याचा उत्खनन अहवाल तपासला गेला. वयाच्या ९२ व्या वर्षी ज्येष्ठ विधिज्ञ के. परासरन यांनी हिंदू पक्षाची बाजू मांडली. घोषणेचे काम संपते तेथे पुराव्याचे काम सुरू होते, आणि पुरावा मांडणारा माणूस अभ्यासानेच घडतो. त्या अभ्यासाची पहिली पायरी म्हणजे ही प्रवेश परीक्षा.

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला आपल्या मुलांसाठी मुख्यतः दोन दरवाजे आहेत. पहिला ‘क्लॅट’चा. ही सामाईक परीक्षा २००८ साली सात राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी सुरू झाली. आज वीसहून अधिक विद्यापीठे तीत आहेत. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विद्यापीठांचा मार्गही येथूनच जातो. दुसरा दरवाजा राज्याच्या विधी ‘सीईटी’चा. मुंबईचे १८५५ पासूनचे शासकीय विधी महाविद्यालय, पुण्याचे १९२४ मध्ये स्थापन झालेले आय.एल.एस. महाविद्यालय यांसारख्या संस्थांत त्याद्वारे प्रवेश मिळतो. ही परीक्षा मराठीतूनही देता येते आणि तीत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. विद्यापीठांचा वार्षिक खर्च लाखांच्या घरात जातो, हे लक्षात घेऊन पालकांनी दोन्ही दरवाजे ठोठवावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

क्लॅटचे स्वरूप नीट समजून घ्या. १२० प्रश्न, १२० मिनिटे. चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. इंग्रजी, चालू घडामोडी, विधीविषयक तर्क, सर्वसाधारण तर्क आणि दहावीच्या पातळीचे गणित असे पाच विभाग. २०२० पासून ही परीक्षा उताऱ्यांवर आधारलेली आहे. साधारण साडेचारशे शब्दांचा उतारा वाचायचा आणि त्यावरील प्रश्न सोडवायचे. म्हणजे एका मिनिटाच्या हिशोबात वाचनाचा वेळही धरलेला आहे. पाठांतराने येथे फारसे साधत नाही. वाचनाची बैठक लागते, आणि ती दोन महिन्यांच्या शिकवणीत विकत मिळत नाही. ती अकरावीपासून घालावी लागते.

विधीविषयक तर्काचे एक उदाहरण घेऊ. नियम दिला आहे : ‘दुसऱ्याच्या ताब्यातील जंगम वस्तू त्याच्या संमतीवाचून, अप्रामाणिक हेतूने हलविणे म्हणजे चोरी.’ वाचनालयातून निघताना एका मुलाने आपली समजून दुसऱ्याची छत्री नेली. चोरी झाली का? नाही, कारण हेतू अप्रामाणिक नव्हता. दुसऱ्या दिवशी चूक लक्षात आली, तरीही त्याने छत्री ठेवून घेतली. आता? बहुतेक मुले तत्काळ ‘चोरी’ म्हणतात, कारण त्यांचे मन संस्कारी असते. पण दिलेल्या नियमात हलविण्याच्या क्षणीचा हेतू महत्त्वाचा आहे; म्हणून या नियमाप्रमाणे ती चोरी नव्हे. कृत्य वाईटच आहे. भारतीय न्याय संहितेत चोरीची व्याख्या कलम ३०३ मध्ये आहे आणि अशा अपहारासाठी कलम ३१४ वेगळे आहे. तथापि परीक्षेत कलमांचे क्रमांक पाठ असण्याची अपेक्षा नसते. आपल्या मनाला काय वाटते ते क्षणभर बाजूला ठेवून, समोरचा नियम समोरच्या घटनेला लावता येतो का, एवढेच पाहिले जाते. ही शिस्त पुढे आयुष्यभर उपयोगी पडते.

ती अंगी कशी बाणवावी? वृत्तपत्रसृष्टीत वावरणारा म्हणून सांगतो : रोज एक मराठी आणि एक इंग्रजी अग्रलेख वाचा. ज्याच्याशी आपले मतभेद आहेत, तो आधी वाचा. त्याचा मुद्दा तीन ओळींत, त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहा. मग खोडून काढा. प्रतिपक्षाची बाजू ज्याला मांडता येत नाही, त्याला स्वपक्षाची बाजूही धड मांडता येत नाही.

मराठी माध्यमाच्या मुलांच्या मनातील भीती मला ठाऊक आहे. ‘नीट’ मराठीतून देता येते, ‘जेईई मेन’ देता येते. क्लॅट मात्र आजही केवळ इंग्रजीत होते. भारतीय भाषांतून ती घ्यावी यासाठी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिकाही दाखल झाली. ही मागणी न्याय्य आहे आणि ती आपण लावून धरलीच पाहिजे. परंतु संविधानाच्या कलम ३४८ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीतच चालते. तेव्हा मागणी चालू ठेवावी, अभ्यास थांबवू नये. २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निवडक निकाल मराठी भाषांतरासह उपलब्ध होऊ लागले आहेत. आठवड्यातून एका निकालाची चार पाने दोन्ही भाषांत शेजारी-शेजारी ठेवून वाचा. याचिका, अंतरिम आदेश, अधिकारक्षेत्र हे शब्द दोन्ही भाषांत ओळखीचे झाले की इंग्रजीचे निम्मे भय ओसरते.

सराव प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवा. मात्र सोडविण्यास दोन तास दिले, तर तपासण्यास तीन द्या. चूक नियम न समजल्याने झाली, घाईने झाली, की अंदाज केल्याने, हे वहीत नोंदवा. महिन्याभरात आपली खोड आपल्यालाच दिसू लागते.

शेवटी कार्यकर्त्यांना एक विनंती. महागड्या शिकवण्या मोठ्या शहरांत आहेत. हुशार मुले तालुक्यांतही आहेत. प्रत्येक तालुक्यात एखादा निवृत्त वकील, एखादा इंग्रजीचा शिक्षक असतोच. रविवारची दोन तासांची बैठक, दोन वृत्तपत्रे आणि मागील प्रश्नपत्रिका एवढ्या सामग्रीवर अभ्यासवर्ग उभा राहतो. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास पूर्ण केला. पण राजकीय कार्यामुळे १९०९ मध्ये त्यांना सनद नाकारली गेली. त्यांच्यापुढे परकीय सत्तेने दार लावले होते. आज गावाकडच्या मुलापुढचे दार केवळ माहिती आणि मार्गदर्शन यांच्या अभावी बंद राहत असेल, तर तो दोष मात्र आपला आहे. येत्या रविवारपासून तो दूर करण्यास आरंभ करू या.