गिअरचा खिळखिळा दांडा

मोटारीत बसणाऱ्याचे लक्ष चाकांकडे असते, इंजिनाच्या आवाजाकडे असते, फार तर रंगाकडे असते. चालकाच्या डाव्या हाताशी असलेल्या गिअरच्या दांड्याकडे सहसा कोणी पाहत नाही. चालकाचे मात्र तसे नाही. दिवसातून शेकडो वेळा त्याचा तळहात त्या दांड्याच्या मुठीवर पडतो, आणि त्या मुठीतून गाडीची प्रकृती त्याला कळत असते. वैद्याला नाडी, तसा चालकाला हा दांडा.

आळंद हे कलबुर्गी जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १९५६ पर्यंत ते हैदराबाद संस्थानाच्या व नंतर राज्याच्या मुलखात होते. राज्यपुनर्रचनेनंतर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात आले. येथून एक रस्ता उमरग्याकडे जातो, दुसरा वागदरीवरून अक्कलकोटकडे, तिसरा कलबुर्गीकडे. जमीन काळी, तुरीची. ही काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे तिच्यावर बांधलेला रस्ता कितीही चांगला केला तरी काही वर्षांत लाटांसारखा वर-खाली होतो. अशा रस्त्यावर तुरीची पोती भरलेली जुनी जीप अगर मालवाहू गाडी दिवसभर पळत असेल, तर तिचा कोणता भाग प्रथम खिळखिळा होईल? स्प्रिंगपाटे आणि चाकांचे सांधे तर होतातच, पण त्यांच्या पाठोपाठ गिअरचा दांडा डुलू लागतो.

समजा, अशा एखाद्या गाडीच्या चालकाला सकाळी जाणवले की, दांडा पूर्वीसारखा जागेवर राहत नाही. न्यूट्रलमध्ये असताना तो डोलकाठीसारखा हलतो आणि दुसरा गिअर टाकावयास जावे तर चौथ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. मिस्त्री म्हणतो, पूर्ण जोडणी बदला. दुकानदार म्हणतो, हा भाग आता येत नाही, मागवावा लागेल. खेप तर आजच न्यावयाची आहे. गाडी उभी राहिली तर त्या दिवसाची मजुरी बुडाली. अशा वेळी चालक सायकलच्या दुकानाकडे वळतो आणि जुन्या ट्यूबची एक पट्टी कापून घेतो. स्वस्त दुरुस्तीचा जन्म बहुधा असा होतो, आणि म्हणून तिला हसण्याचे कारण नाही. मात्र ती कोठे चालते आणि कोठे घात करते, हे समजून घेतले पाहिजे.

त्याकरिता दांड्याचे काम पाहावे. गिअरचा दांडा ही शाळेत शिकविली जाणारी साधी तरफ आहे. मध्ये कोठेतरी एक गोल बोंडासारखा टेकू असतो. टेकूच्या वर हाताची बाजू, खाली कामाची बाजू. वरची बाजू ३० सेंटिमीटर आणि खालची ५ सेंटिमीटर असेल, तर हात ६ सेंटिमीटर सरकला म्हणजे खालचे टोक १ सेंटिमीटर सरकते. हाताला जोर कमी लागतो, पण अंतर जास्त कापावे लागते. आता याच हिशोबाची उलटी बाजू पाहा. खालच्या सांध्यातील बुश झिजून तेथे अवघा १ मिलिमीटर खेळ आला, तर मुठीशी तोच खेळ ६ मिलिमीटर होतो. सांधे चार असतील आणि प्रत्येकात अर्धा मिलिमीटर झीज असेल, तर एकूण २ मिलिमीटरांचे वर १२ मिलिमीटर होतात. चालकाला वाटते, दांडाच मोडला. वस्तुतः दांड्याला काहीच झालेले नसते. चार ठिकाणची किरकोळ झीज एका ठिकाणी मोठी होऊन दिसत असते.

म्हणून पहिला उपाय दांड्यावर नव्हे, बुशांवर करावयाचा. सायकलच्या ट्यूबची पट्टी झिजलेल्या खिळीभोवती गुंडाळली की डुलणे तत्काळ थांबते. परंतु ट्यूबचे रबर तेलात फुगते आणि मऊ पडते. गिअरपेटीजवळ तेलाचा ओलावा आणि उष्णता दोन्ही असतात. म्हणजे ही पट्टी घरी पोहोचण्यापुरती. शीतपेयाच्या डब्याचा पातळ पत्रा कापून खिळीभोवती बसविणारेही आहेत. तो रबरापेक्षा बरा, पण कडेला चिरला की त्याचे तुकडे सांध्यात फिरतात. याहून चांगला मार्ग लेथवाल्याकडे जातो. नायलॉनच्या कांबीतून हव्या त्या मापाचा बुश तो थोड्या वेळात काढून देतो. खर्च एका साध्या जेवणाएवढा, आणि नीट मापात बसला तर पुष्कळ दिवस टिकतो. पितळेचा बुश आणखी टिकाऊ. मात्र त्यात एक गोम आहे. मूळ रबर तेथे उगाच घातलेले नसते. इंजिनाची थरथर दांड्यावाटे वर येऊ नये म्हणून ते असते. पितळ आले की दांडा घट्ट होतो, पण तळहाताला मुंग्या येतात आणि गाडी उभी असताना दांडा खडखडतो. शिवाय पितळ टणक खिळीशी घासले गेले की झीज कोणाची व्हावयाची, हे ग्रीस घातले आहे की नाही यावर ठरते.

अशा वर्कशॉपांतील भाषेविषयी एक गोष्ट सहज सांगण्याजोगी आहे. दुकानाची पाटी कन्नडमध्ये, गिऱ्हाईक मराठी बोलणारे आणि मिस्त्रीची बोली दखनी असा प्रकार या सीमाभागात नवा नाही. पण बुश, नट, वायसर, पाना आणि ग्रीस हे शब्द तिघांचेही एकच. भाषावार प्रांतरचनेला या शब्दांनी दाद दिलेली नाही.

गिअरच्या दांड्याची सर्वांत मोठी कथा मात्र मुंबईची आहे, आणि तिचा एक धागा आळंदपासून फार दूर नसलेल्या सोलापुरात आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. त्यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट व तिचीच पद्मिनी बाहेर पडली. पद्मिनीचा गिअरदांडा जमिनीवर नव्हता; तो स्टिअरिंगच्या खांबाला आडवा लावलेला असे. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सच्या ॲम्बॅसिडरचेही तसेच. पुढची बैठक सलग बाकासारखी, आणि मध्ये दांडा नसल्याने तिच्यावर तिसरा माणूस बसू शके. टॅक्सीवाल्याला आणि मोठ्या कुटुंबाला ही सोय मोलाची होती. तिची किंमत सांध्यांत चुकवावी लागे. हाताची हालचाल खांबावरून खाली, तेथून पट्ट्या व कांबी यांतून गिअरपेटीपर्यंत जाई; वाटेत जितके सांधे तितके बुश, आणि जितके बुश तितकी झीज. झीज वाढली की दोन गिअरांच्या पट्ट्या एकमेकींत अडकत आणि दांडा जागीच थिजून बसे. मग चालक शांतपणे उतरे, बॉनेट उघडी, आत हात घालून पट्टी हिसका देऊन सोडवी आणि पुन्हा बसून निघे. मागे बसलेल्या नवख्या उतारूला हा जादूचा प्रयोग वाटत असे.

कित्येक मालक या त्रासाला कंटाळून दांडा जमिनीवर आणून घेत. गॅरेजवाले कंस, कांबी आणि एक नवा टेकू बसवून हे काम करून देत आणि सोबत बाक काढून दोन स्वतंत्र खुर्च्या बसवीत. पद्मिनीच्या अखेरच्या काळातील एस-१ या प्रकारात तर कंपनीनेच दांडा खाली आणला. म्हणजे जे काम मिस्त्री वर्षानुवर्षे करीत होते, ते कारखान्याने शेवटी मान्य केले. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सींना वीस वर्षांची मर्यादा आहे. तिच्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, आणि तिच्याबरोबर तो आडवा दांडा व बॉनेट उघडण्याची ती लकबही गेली.

आता हौसेच्या फेरफारांकडे वळावयाचे. तरुण मालकांना दांडा आखूड हवा असतो. मनगटाच्या एका झटक्यात गिअर पडावा अशी त्यांची इच्छा असते. सर्वांत स्वस्त युक्ती म्हणजे दांडा वरून कापणे आणि नवे आटे पाडून मूठ परत बसविणे. मघाचाच हिशोब घ्यावा. वरची बाजू ३० ऐवजी २४ सेंटिमीटर केली, तर हाताचा प्रवास एक पंचमांशाने कमी होतो, पण लागणारा जोर एक चतुर्थांशाने वाढतो. तरफ फुकट काही देत नाही. दुसरी युक्ती टेकूच्या पायाखाली वायसर घालून तो उचलण्याची. टेकू १ सेंटिमीटर वर गेला की वरची बाजू २९ आणि खालची ६ होते. सहापटीचे प्रमाण पाचपटीच्याही खाली येते. दांडा न कापता काम झाले आणि मन बदलले तर वायसर काढून टाकता येतात, म्हणून कापण्यापेक्षा ही युक्ती निश्चित शहाणपणाची. तथापि तिचा धोका वेगळा आहे. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्स चुकून पडू नये म्हणून टेकूजवळच एक अडसर केलेला असतो. टेकू हलविला आणि अडसर तेथेच राहिला, तर पहिल्याऐवजी रिव्हर्स पडण्याची वाट मोकळी होते. गर्दीच्या बाजारात याचा अर्थ काय, ते निराळे सांगावयास नको.

तिसरी हौस जड मुठीची. भरीव लोखंडाची वा पितळेची मूठ बसविली की दांडा एकदा हलल्यावर आपल्याच वजनाने पुढे सरकतो आणि गिअर गुळगुळीत पडल्यासारखा वाटतो. हा निव्वळ भास नव्हे. वजनाच्या गतीची थोडी मदत खरोखर होते. परंतु गिअर पडल्यावर त्याला जागेवर धरून ठेवते ती आतली स्प्रिंग आणि तिने खाचेत दाबलेली एक लहानशी पोलादी गोळी. जुन्या गाडीत ही स्प्रिंग दमलेली असते. त्यातच मुठीचे वजन वाढले आणि रस्ता काळ्या मातीचा असला, तर एखाद्या खड्ड्याच्या धक्क्यासरशी दांडा बाहेर उडी घेतो. भरलेली गाडी उतारावर असताना गिअर सुटला की इंजिनाचा आवर जातो आणि सारा भार ब्रेकवर येतो.

दांड्याच्या बुडाशी असलेली रबरी अगर कातडी टोपी ही सर्वांत दुर्लक्षित वस्तू. ती फाटली की रस्त्याची धूळ थेट सांध्यांत उतरते, ग्रीसमध्ये मिसळते आणि कानसीसारखे काम करते. सीटकव्हर शिवणारा कारागीर उरलेल्या रेक्झिनमधून ती शिवून देतो. एवढा स्वस्त आणि निर्धोक फेरफार दुसरा नाही. अट एकच, कापड सैल असावे. टोपी ताणून बसविली तर ती दांड्याला सतत मध्याकडे ओढत राहते, आणि मग मालक गिअर सुटण्याचे कारण गिअरपेटीत शोधत बसतो.

या सगळ्याच्या आधी मात्र एक परीक्षा केलीच पाहिजे, कारण पुष्कळदा दोष दांड्याचा नसतो. गाडी सपाट जागी उभी करावी, इंजिन बंद ठेवावे, क्लच दाबून सर्व गिअर टाकून पाहावेत. मग इंजिन चालू करून तेच करावे. बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना खरखरतात किंवा अडतात, असे आढळले तर बहुधा क्लच पुरता सुटत नसतो. तेथे बुश बदला, मूठ बदला, दांडा कापा, काडीचाही उपयोग होणार नाही; उलट जोराने गिअर ढकलण्याची सवय लागून आतले दाते खराब होतील. दोन्ही वेळा दांडा सारखाच डुलत असेल, तरच बुशांकडे जावे. पुष्कळ नव्या मोटारींत कांबींऐवजी तारा असतात आणि त्यांच्या टोकाशी प्लॅस्टिकच्या लहान कड्या असतात. कडी तुटली की दांडा एकाएकी लुळा पडतो. तारेने बांधून गाडी वर्कशॉपपर्यंत आणता येते, पण ती बांधलेली तार पुढे महिनोन्महिने तशीच राहिलेली आढळते. तात्पुरत्या दुरुस्तीचे वय तिच्या मालकाच्या आळसावर अवलंबून असते.

त्या जीपच्या चालकाकडे परत यावे. ट्यूबच्या पट्टीने त्याची सकाळची खेप झाली आहे. दुपारी तो लेथवाल्याकडून नायलॉनचे दोन बुश घेऊन येतो, गाडीखाली गोणपाट अंथरतो आणि बाराचा पाना मागतो. जुनी खिळी निघते तेव्हा तिच्या एका बाजूला नखाने जाणवेल एवढा खळगा पडलेला असतो. नवा बुश त्या खळग्यावर बसला तर आठवड्यात पुन्हा डुलणार, म्हणून खिळीही बदलावी लागते; तिला त्याच मापाचा, त्याच पोताचा बोल्ट चालत नाही, कारण बोल्टचे आटे बुशाला करवतीसारखे कापतात. आटे नसलेली साधी खिळी आणि टोकाला स्प्लिट पिन, असे ते बसते. मग इंजिन बंद ठेवून प्रत्येक गिअर शेवटपर्यंत जातो का, दांडा कोठे पत्र्याला टेकतो का, पहिला आणि रिव्हर्स यांच्या वाटा हाताला वेगळ्या कळतात का, हे तो तीन-तीनदा पाहतो. रिकामी गाडी वागदरीच्या रस्त्याने थोडी नेऊन, एका उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये पायडल सोडून देतो, आणि मुठीवरचा हात काढून घेऊन दांड्याकडे पाहत राहतो. दांडा जागचा हलत नाही. तो गाडी वळवितो आणि पोती भरावयास घेतो.