दारावरचा डाग

रहस्यकथा हातात पडली की शेवटचं पान आधी उघडणारे वाचक पुष्कळ असतात. विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’पुढे मात्र त्यांची डाळ शिजत नाही. शेवटी हिरा सोमनाथजवळ चंद्रदेवाच्या कपाळी परतलेला दिसतो, पण चोरला कुणी, ते तिथे कळतच नाही!

ही कादंबरी १८६८ साली डिकन्सच्या साप्ताहिकात क्रमशः आली. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं, त्या लुटीत एका इंग्रज अधिकाऱ्याने हिरा लाटला. पुढे तो यॉर्कशरमधल्या रेचल व्हेरिंडरला वाढदिवसाला मिळतो आणि त्याच रात्री गायब होतो.

कॉलिन्स कायदा शिकलेला. त्याने कादंबरीलाच साक्षीदारांच्या पिंजऱ्यात उभं केलं. ज्याने जेवढं पाहिलं, तेवढंच त्याने सांगायचं. अडचण आली की ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडणारा म्हातारा कारभारी बेटरेज. लोकांच्या घरात गुपचूप धर्मपुस्तिका पेरणारी मिस क्लॅक. ही बाई स्वतःला साध्वी समजते, आणि तिच्याच लेखणीतून तिचा आप्पलपोटेपणा उघडा पडतो. (अशी एखादी मावशी कुणाच्या नात्यात नसते?)

पण माझा जीव अडकतो तो रेचलच्या खोलीच्या दारात. दार नुकतंच रंगवलेलं, कुलपाखाली रंग किंचित फिसकटलेला. स्थानिक पोलीस अधिकारी म्हणतो, मोलकरणींचे घागरे घासले असतील, क्षुल्लक गोष्ट! लंडनहून आलेला गुलाबवेडा सार्जंट कफ आधी विचारतो, रंग वाळायला वेळ किती लागतो? बारा तास. दुपारी तीनला हात फिरवलेला, म्हणजे पहाटे तीनला दार कोरडं. मोलकरणी आल्या सकाळी अकराला. सुटल्या बिचाऱ्या! आता शोधायचं ते रंग लागलेलं कापड.

कॉलिन्सची खरी हुशारी याच्यापुढे आहे. एवढ्या तर्कशुद्ध माणसाचा संशय शेवटी जातो तो खुद्द रेचलवर, आणि तो साफ चुकतो. डागाच्या हिशेबाने आपण भारावलेले असतो, म्हणून त्याच्या मागोमाग आपणही चुकतो. रेचल का गप्प बसली, हे कफला दिसत नाही. गुंता सुटतो तो एका डॉक्टरच्या आजारी, लोकांनी वाळीत टाकलेल्या मदतनिसामुळे. कसा, ते मी सांगणार नाही.